दोन लाईन असून नेट का बंद पडतं: राऊटरच्या फेलओव्हरची गोष्ट

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरनं फोन आला. सिझनचे दिवस, सौदे नुकतेच उरकलेले, शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या राहिलेल्या, बाहेर दोन ट्रक भरून उभे आणि त्यांची ई-वे बिलं अडकलेली. दिवाणजी म्हणाले, "अरं नेट गेलंय. दुसरी लाईन घ्यायला लावलीस न्हवं तू, ती काय आरती ओवाळायला ठेवलीया?" आता यावर काय बोलणार, कारण दोन महिन्यांपूर्वी मीच शेठना छातीठोकपणे सांगितलं होतं की एक लाईन गेली तर आपोआप दुसरी चालू होईल (यालाच फेलओव्हर म्हणतात), तुम्हाला कळणार पण नाही. आणि झालं काय, तर त्यांना कळलं, राऊटरलाच कळलं नाही.

गेलो. बघतो तर सगळे दिवे हिरवे. फायबरचा तो पांढरा डबा असतो ना, ओएनटी म्हणतात त्याला, त्यावर पॉवर हिरवा, पॉन म्हणजे कंपनीशी जोडणीचा दिवा हिरवा, फायबरमधला उजेड गेला की लागणारा एलओएसचा लाल दिवा बंद, म्हणजे फायबर पण धडधाकट. राऊटरवरनं नेट कंपनीच्या गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या त्यांच्या पहिल्या दाराला, पिंग मारला ("आहेस का" विचारणारं छोटं पाकीट) तर उत्तर तीन मिलिसेकंदात येतंय. आणि त्याच्या पुढं काहीच नाही. कंपनीचा सांगलीतला सेटअप जिवंत होता, तिथनं पुढं जाणारी त्यांची लाईन कुठंतरी तुटली होती. माझा राऊटर बिचारा दर दहा सेकंदाला गेटवेला विचारत होता, "आहेस का रे?", गेटवे म्हणत होता "आहे की", आणि राऊटर समाधानानं सगळा ट्रॅफिक त्या मेलेल्या लाईनीत ओतत होता. दुसरी लाईन शेजारी रिकामी बसून.

ही चूक माझी, आणि ही चूक करणारा मी एकटा नाही म्हणून हे लिहितोय. बहुतेकांना वाटतं की रिडंडन्सी म्हणजे दोन दोन वस्तू घेणं. वस्तू घेणं सोपं आहे हो, पैसे दिले की येतात. अवघड काम आहे ते पहिली मेली हे वेळेत आणि खात्रीनं ओळखणं, आणि नव्वद टक्के नाही म्हणत मी, पण माझ्या हातून गेलेली जवळजवळ सगळी फजिती तिथंच झालीय.

आपल्या सांगलीतलंच उदाहरण घ्या. सांगलीवाडीला जायचं तर आयर्विन पूल, १९२९ सालचा, सरळ रस्ता. तो बंद असला तर बायपासचा पूल, वळसा पडतो पण पोचतो माणूस. समजा तुम्ही एका पोराला आयर्विनच्या अलीकडच्या टोकाला उभं केलं आणि सांगितलं की पूल बंद झाला की फोन कर, आम्ही गाड्या बायपासनं वळवतो. पोरगं इमानदार, एकसारखं बघतंय, पूल जाग्यावर आहे, पोलीस नाहीत, बॅरिकेड नाही, चालूय म्हणून सांगतंय. आणि पलीकडं सांगलीवाडीच्या बाजूला उसाची ट्रॉली उलटून रस्ताभर ऊस पसरलाय. गाड्या पुलावर चढतायत आणि अडकून बसतायत. पोराची काय चूक, त्याला जे बघायला सांगितलं ते त्यानं बघितलं. पोराला उभं करायचं होतं सांगलीवाडीत.

राऊटरच्या भाषेत हे असं चालतं. राऊटरकडं रस्त्यांची एक वही असते, रूटिंग टेबल. त्यात "बाकी सगळीकडं जायचं असेल तर इकडनं जा" अशी एक ओळ असते, तिला डिफॉल्ट रूट म्हणतात. दोन लाईन असल्या की अशा दोन ओळी लिहायच्या आणि प्रत्येकीला एक नंबर द्यायचा, डिस्टन्स. ज्याचा आकडा लहान तो आधी. मेन लाईनला १, बॅकअपला २ किंवा १० किंवा २००, काहीही द्या, फक्त मोठा पाहिजे. लहान आकड्याची ओळ जोपर्यंत जिवंत आहे तोपर्यंत मोठी ओळ वहीत वरच येत नाही, पाण्याखाली दबून असते, आणि पहिली गेली की वर तरंगते, म्हणून तिला फ्लोटिंग रूट म्हणतात. इथपर्यंत कुणालाही जमतं, दहा मिनिटांचं काम आहे.

पण पहिली ओळ "गेली" हे ठरवणार कोण? काहीच सांगितलं नाही तर राऊटर फक्त वायर बघतो. वायर निघाली, पोर्टचा दिवा विझला, तर ओळ काढतो. आता राऊटरची वायर जाते शेजारच्या ओएनटीत, आणि ओएनटीला करंट आहे तोपर्यंत तो दिवा जळतच राहणार, बाहेर रस्त्यावर जेसीबीनं अख्खी फायबर उपटून नेली तरी. (पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डनं डायल करायची लाईन असली तर जरा बरं, फायबर तुटली की थोड्या वेळात ते सेशन पडतं आणि ओळ पण जाते. पण फिक्स आयपीची, म्हणजे कायमचा ठरलेला नेटवरचा पत्ता दिलेली लाईन असेल तर राऊटर ढिम्म.) म्हणून त्याच्या पुढची पायरी, गेटवे पिंग करून बघणं. मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरमध्ये चेक गेटवे नावाचं सेटिंग आहे, दर १० सेकंदाला पिंग जातो आणि लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही की ओळ मेली असं धरतात. म्हणजे अलीकडच्या टोकाचं पोरगं. पेढीवर मी हेच करून ठेवलेलं आणि हेच कमी पडलं.

उपाय काय, तर कंपनीच्या पलीकडचं, इंटरनेटवरचं कायम जागं असणारं ठिकाण तपासायचं. लोक सर्रास ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घेतात, म्हणजे गूगलचा आणि क्लाउडफ्लेअरचा डीएनएस, साईटच्या नावावरनं तिचा आकड्यातला पत्ता सांगणारा सर्व्हर. सिस्को कंपनीच्या राऊटरमध्ये याला आयपी एसएलए आणि ट्रॅक म्हणतात, मायक्रोटिकमध्ये रिकर्सिव्ह रूट नावाची एक युक्ती आहे, फायरवॉलच्या, म्हणजे नको तो ट्रॅफिक अडवणाऱ्या डब्यांमध्ये हेल्थ चेक किंवा लिंक मॉनिटर अशी नावं असतात. नावं वेगळी पण काम एकच.

यातली खरी गंमत पुढं आहे आणि इथं भलेभले पडतात. समजा तुम्ही ८.८.८.८ तपासताय. पहिली लाईन मेली, पिंग बंद, राऊटरनं ट्रॅफिक दुसऱ्या लाईनीवर टाकला, शाब्बास. आता तो तपासणीचा पिंग कुठनं जाणार? तुम्ही काही बांधून दिलं नसेल तर तो पण दुसऱ्या लाईनीनं जाणार, आणि दुसरी लाईन ठणठणीत असल्यामुळं उत्तर येणार. राऊटर म्हणणार, अरे वा, पहिली लाईन बरी झाली, चला परत. परत गेला की पिंग बंद. मग पुन्हा दुसरीवर. मग पुन्हा पहिलीवर. दर अर्ध्या मिनिटाला नेट येतंय जातंय, येतंय जातंय, आणि ऑफिसमधली माणसं म्हणतात यापेक्षा पूर्ण बंद असलेलं परवडलं. याला फ्लॅपिंग म्हणतात. म्हणून तपासणीच्या आयपीसाठी वेगळी ओळ लिहायची, "८.८.८.८ ला जायचं तर फक्त आणि फक्त पहिल्या लाईनीनं", आणि ती लाईन नसेल तर पिंग फेकून द्यायचा, दुसरीकडनं पाठवायचा नाही.

आणि हे केलं की दुसरा खड्डा तयार. ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये डीएनएस म्हणून पण ८.८.८.८ च टाकलेला असतो, कारण सगळ्यांना तोच पाठ आहे. पहिली लाईन मेली की तुमचीच ओळ त्या सगळ्यांची नावं विचारणारी पाकिटं मेलेल्या लाईनीत ढकलणार. बाकी नेट चालू, व्हॉट्सॲप कसंबसं चालतंय, पण साईट एक उघडत नाही. म्हणून तपासायला एक पत्ता आणि डीएनएसला वेगळा पत्ता. तसंच उलट बाजूनं पण बघा, पहिल्या कंपनीनं दिलेला त्यांचा स्वतःचा डीएनएस वापरत असाल तर तो बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीच्या लाईनीवरनं आलेल्याला उत्तरच देत नाही. घरच्या गिऱ्हाईकालाच उधारी, तसलं.

एकाच पत्त्यावर भरवसा पण ठेवू नका, तो पत्ता काही मिनिटं उत्तर देईनासा झाला तर तुमची चांगली लाईन उगीच मेली म्हणून घोषित होणार. दोन पत्ते ठेवायचे आणि दोन्ही गेले तरच मेली म्हणायचं. आणि परत यायची घाई नको. तुटलेली लाईन जोडताना लाईनमन चार वेळा जोडतो काढतो, प्रत्येक वेळी तुम्ही उडी मारून परत गेलात तर तोच फ्लॅपिंगचा खेळ. जाताना वीस-तीस सेकंदात जा, येताना पाच मिनिटं सलग ठीक दिसली की मग या, असं मी लावतो.

आता एक कटू सत्य जे शेठ लोकांना आधीच सांगून ठेवायला हवं, मी नव्हतं सांगितलं. लाईन बदलली की तुमचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या नेटला दिसणारा तुमचा पत्ता, बदलतो. म्हणजे बँकेच्या साईटवर लॉगिन करून आरटीजीएस भरत बसलेल्या माणसाला साईट बाहेर काढू शकते, व्हीपीएन (दुसऱ्या ऑफिसशी नेटवरनं केलेली खाजगी जोडणी) तुटतो आणि परत जोडावा लागतो, घरी बसून गोडाऊनचे कॅमेरे बघत असाल तर जुन्या पत्त्यावर काही दिसत नाही. साधं ब्राउझिंग, यूपीआय वगैरेला फरक पडत नाही, रिफ्रेश केलं की चालू. सगळ्यात चिवट आयपी फोन. राऊटरच्या आठवणीत त्या फोनचं जुनं कनेक्शन जुन्या लाईनीच्या पत्त्यासकट बसलेलं असतं, फोन दर थोड्या वेळानं बोलत राहतो त्यामुळं ती नोंद मरतच नाही, आणि सगळं ऑफिस नव्या लाईनीवर गेलं तरी फोन मुके. लाईन बदलल्यावर त्या जुन्या नोंदी झाडून टाकणारी छोटी स्क्रिप्ट लावली की सुटतं. आयपी अजिबात बदलायचाच नसेल तर स्वतःचे आयपी आणि एएस नंबर (नेटवर्कचा ओळख नंबर) घेऊन दोन्ही कंपन्यांशी बीजीपी, म्हणजे मोठी नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात ती भाषा, बोलायचं, आपल्याकडं आयआरआयएनएन ही संस्था ते नंबर देते, पण पट्ट्या करणाऱ्या पेढीला ते म्हणजे म्हशीच्या गोठ्याला लिफ्ट बसवल्यासारखं होईल.

हे झालं लाईनीचं. राऊटरच मेला तर?

इथं अडचण वेगळी आहे. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला, प्रिंटरला, वजनकाट्याच्या मशीनला एकच पत्ता सांगितलेला असतो, की बाहेर जायचं तर १९२.१६८.१०.१ ला विचार. हा गेटवे. शेजारी दुसरा राऊटर १९२.१६८.१०.३ म्हणून तयार बसला असला तरी त्याला विचारायला कुणी जाणारच नाही, कारण कुणाला तो माहीतच नाही. एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवा. तुम्ही माणसाला शोधत नाही, खिडकीला जाता. आत सकाळी कोण आणि दुपारी कोण बसतं याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही, "मिरजेची गाडी किती वाजता" विचारता आणि निघता. राऊटरचं पण तसंच करायचं, खिडकीचा पत्ता वेगळा ठेवायचा आणि माणसांचे वेगळे. .१ हा खिडकीचा म्हणजे व्हर्च्युअल पत्ता, .२ आणि .३ हे दोन राऊटरचे स्वतःचे. दोघांपैकी जो कामावर असेल तो .१ च्या नावानं उत्तर देतो.

याचं सगळ्यांना खुलं असलेलं प्रोटोकॉल, म्हणजे राऊटरांनी आपसात बोलायची ठरलेली पद्धत, म्हणजे व्हीआरआरपी, १९९८ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा कागद) म्हणून छापलं गेलं आणि हल्लीची तिसरी आवृत्ती २०१० मध्ये आली. सिस्कोचं स्वतःचं त्याच्या आधीपासूनचं आहे ते एचएसआरपी. पेटंटच्या वादाला कंटाळून ओपनबीएसडी या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी कार्प म्हणून आपलं तिसरंच काढलं, पीएफसेन्स ही फायरवॉल वापरणाऱ्यांना ते ओळखीचं असेल. आतली कल्पना तिघांची जवळपास सारखीच.

काम असं चालतं. दोन्ही राऊटरना एकाच ग्रुप नंबरमध्ये टाकायचं आणि प्रत्येकाला प्रायॉरिटी द्यायची, इथं मात्र मोठा आकडा आधी, डिस्टन्सच्या बरोब्बर उलट, नवीन पोरं इथं हमखास गोंधळतात. सांगितलं नाही तर १०० असते. मोठा तो मास्टर होतो आणि दर सेकंदाला लॅनवर, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर, ओरडतो, "मी आहे". बॅकअप गप्प बसून ऐकत असतो. तीन आरोळ्या चुकल्या आणि वर अजून थोडा वेळ गेला की तो समजतो गडी गेला, आणि खिडकीत बसतो. तो "अजून थोडा वेळ" प्रायॉरिटीवरनं निघतो, २५६ मधनं प्रायॉरिटी वजा करायची आणि २५६ नं भागायचं. म्हणजे १०० वाल्याला साधारण ०.६ सेकंद, एकूण ३.६ सेकंदात ताबा. जास्त प्रायॉरिटीचा बॅकअप थोडा आधी जागा होतो म्हणून तीन-चार बॅकअप असले तरी सगळे एकदम उठून भांडत नाहीत, डोकं लावलंय यात. एचएसआरपीमध्ये न बदलता ठेवलं तर हॅलो ३ सेकंदाला आणि वाट बघायची १० सेकंद.

खिडकीचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कच्या प्रत्येक यंत्राचा हार्डवेअर नंबर) पण ठरलेला असतो, ००:००:५ई:००:०१ आणि शेवटी ग्रुप नंबर, म्हणजे ग्रुप १० असेल तर ०ए. मॅक बदलत नाही म्हणून कॉम्प्युटरांना काही कळत नाही. कळावं लागतं ते स्विचला, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या वायरी जिथं येऊन जुळतात त्या डब्याला, कारण कालपर्यंत हा मॅक चार नंबरच्या पोर्टवर होता तो आज सात नंबरवर आला. म्हणून नवा मास्टर बसल्या बसल्या एक ग्रॅच्युइटस एआरपी पाठवतो, कुणी न विचारता "हा पत्ता आता माझ्याकडं", आणि स्विच आपली वही दुरुस्त करतो.

आता यातल्या खोड्या. पहिली आणि सगळ्यात हास्यास्पद, डीएचसीपी, म्हणजे कॉम्प्युटरांना आपोआप पत्ते वाटणारी सोय. व्हीआरआरपी चोख लावलं, टेस्ट केली नाही, आणि डीएचसीपी कॉम्प्युटरांना गेटवे म्हणून अजून .२ च वाटतोय. म्हणजे खिडकी बांधली आणि सगळ्यांना पहिल्या माणसाच्या घरचा पत्ता देऊन ठेवला. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हे मी स्वतः उघडून बघितलंय, कुणीतरी आधी करून गेलेलं, दोन वर्षं तसंच चाललेलं, मेन राऊटर सुदैवानं कधी बंदच पडला नाही म्हणून कुणाला कळलं नाही.

दुसरी खोडी जास्त बेरकी. मास्टरची लॅनची बाजू ठीक आहे, तो दर सेकंदाला ओरडतोय, पण त्याच्या मागची नेटची लाईन मेलीय. बॅकअपला आरोळी ऐकू येते म्हणून तो गप्प. खिडकीत माणूस आहे, हसून बोलतो पण, फक्त त्याच्याकडं वेळापत्रक नाही. म्हणून ट्रॅकिंग लावायचं, नेट गेलं की मास्टरनं आपली प्रायॉरिटी आपणच कमी करायची. आणि किती कमी करायची इथं आकडेमोड चुकते. मास्टर ११०, बॅकअप १००, सिस्कोमध्ये न सांगता वजा होतात १०. म्हणजे मास्टर झाला १००. बरोबरी. व्हीआरआरपीमध्ये बॅकअपला आपल्याइतकीच किंवा आपल्यापेक्षा मोठी प्रायॉरिटी ऐकू आली तर तो हलत नाही, त्यामुळं बरोबरी झाली की तो बसल्या जागी बसून राहतो. वजाबाकी २० ची करा, ११० चा ९० होऊ दे, मग हलतो. या एका आकड्यावर मी एकदा मिरजेत रात्रीचे दोन तास घालवलेत, आणि शेवटी कागदावर वजाबाकी मांडल्यावर स्वतःच्याच डोक्यावर हात मारून घेतला.

तिसरी, प्रीएम्प्ट. मेन राऊटर बरा होऊन परत आला तर त्यानं खुर्ची परत घ्यायची का? व्हीआरआरपीत न सांगता "हो" असतं, एचएसआरपीत न सांगता "नाही". हो असेल तर थोडा डिले टाकाच, कारण राऊटर चालू झाला की लॅन लगेच उठते आणि हा लगेच ओरडायला लागतो, पण त्याचं पीपीपीओई डायल व्हायला अजून वेळ असतो. तेवढ्यात चांगलं काम करणाऱ्या बॅकअपला उठवून हा रिकाम्या हातानं खुर्चीवर. दोन मिनिटांचा डिले पुष्कळ झाला.

चौथी, दोन मास्टर. बॅकअपला आरोळी ऐकूच आली नाही तर तो मास्टरला मेलेला धरून स्वतः मास्टर होतो, आणि पहिला पण मास्टर असतोच. एकाच पत्त्यानं दोघं उत्तर देतात, स्विच वेडा होतो, मॅक इकडं दिसतो तिकडं दिसतो, आणि नेट कुणाचं चालतं कुणाचं नाही याला काही धरबंध राहत नाही. आपल्या भागाला दोन गाद्यांचं नवल नाही म्हणा, सातारा आणि कोल्हापूर, पण तिथं १७३१ मध्ये वारणेचा तह तरी झाला आणि वारणा ही हद्द ठरली. राऊटर तह करत नाहीत. कारण बहुतेक वेळा साधं निघतं, फायरवॉल. व्हीआरआरपी नेहमीच्या पाकिटांच्या जातींतलं, म्हणजे टीसीपी नाही, यूडीपी पण नाही, त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल नंबर आहे ११२, आणि आरोळी जाते २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट, म्हणजे एकदम अनेकांना ऐकू जाणाऱ्या पत्त्यावर. "ओळखीचं सोडून बाकी सगळं ड्रॉप" असा नियम राऊटरच्या इनपुटला शेवटी असतोच, त्यात ११२ ला आत घ्यायचं राहून जातं. नाहीतर मधल्या स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे कप्पे) चुकलेला असतो.

एवढं सगळं वाचून लगेच दोन राऊटर घ्यायला निघू नका. माझं प्रामाणिक मत सांगतो, आठ-दहा कॉम्प्युटरच्या ऑफिसला व्हीआरआरपीची गरज नाही. दोन लाईन, नीट तपासणी, आणि कपाटात त्याच मॉडेलचा एक राऊटर, आधीच सेटिंग भरून ठेवलेला, एवढं पुरतं. राऊटर मेला तर वायरी काढून त्याच नंबरच्या पोर्टांत घालायच्या, दिवाणजी पण करू शकतात, पंधरा मिनिटं नेट नसलं तर आभाळ कोसळत नाही. फक्त मायक्रोटिकची ती बॅकअप फाईल असते ना, ती त्याच डब्यावर परत भरायला असते, मॅक ॲड्रेस वगैरे सगळं त्यात येतं, दुसऱ्या डब्यासाठी टेक्स्टमध्ये एक्सपोर्ट काढा. आणि कंपनीनं तुमच्या जुन्या राऊटरचा मॅक बांधून ठेवला असेल तर नवा डबा जोडणार नाही, ते आधी विचारून ठेवा. हॉस्पिटल आहे, चोवीस तास चालणारा कारखाना आहे, तिथं मात्र दोन राऊटर, व्हीआरआरपी, सगळं करा, आणि दोन्ही राऊटर एकाच स्विचला आणि एकाच यूपीएसला लावून पैसे पाण्यात घालू नका.

पाण्यावरनं आठवलं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाईन घेतल्या म्हणजे दोन रस्ते झाले असं लोक धरतात. बाहेर जाऊन वर बघा एकदा. पेढीच्या दोन्ही लाईन एकाच लाईटच्या खांबावरनं आलेल्या, एकमेकींना झिपटायनं बांधलेल्या, अगदी सख्ख्या बहिणींसारख्या. एक ट्रक पाठीमागं घेताना खांबाला लागला की दोन्ही गेल्या. हरिपूरची पेवं सांगलीकरांना सांगायला नकोत, जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची, एकाला दोन नाही कितीतरी पेवं, पण २००५ च्या पुराचं पाणी शिरलं ते पेवांची संख्या मोजून शिरलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णेनं ५७ ओलांडले, तेव्हा तळमजल्यावर असलेलं सगळंच गेलं, मेन काय आणि बॅकअप काय. म्हणून एक लाईन फायबरची असेल तर दुसरी शक्यतो हवेतनं घ्या, सिमवरची फोरजी-फाईव्हजी किंवा छतावरची वायरलेस, आणि रॅक पहिल्या मजल्यावर न्या.

पेढीवर शेवटी काय केलं ते सांगतो. दुसरी लाईन केबलवाल्याची होती ती काढून सिमचा राऊटर खिडकीत लावला, तपासणी दोन पत्त्यांवर नेली, डीएनएस वेगळा केला. आणि सौदे बंद असलेल्या दिवशी शेठना समोर बसवून टेस्ट घेतली. राऊटरची वायर ओढून दाखवणं ही टेस्ट नाही, ती तर कुठलाही राऊटर पास होतो. ओएनटीच्या खालचा तो हिरव्या तोंडाचा फायबरचा कनेक्टर काढला (त्याच्या टोकात डोळा घालून बघू नका, लेसर दिसत नाही पण असतो), एलओएस लाल लुकलुकायला लागला, पिंगच्या सात ओळी चुकल्या आणि आठवी सिमवरनं आली. मग फायबर परत लावली आणि जी खरी गोची झालेली ती टेस्ट, गेटवे जिवंत पण पुढं काही नाही. त्यासाठी राऊटरच्याच फायरवॉलमध्ये पहिल्या लाईनीवरनं जाणारे तपासणीचे पिंग ड्रॉप केले. यावेळी वीसएक सेकंद लागले पण गेला सिमवर. दिवाणजी टॅलीत पट्टी करत होते, त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "जरा हळू चालतंय का रं?" मी म्हटलं, काका, हेच बघायला आलोय.

पंधरा दिवसांनी सहज तिकडनं चाललो होतो म्हणून डोकावलो. राऊटरमध्ये दुसरी लाईन डाऊन. सिमचा डबा उघडला तर आत सिमच नाही. शेठचा पुतण्या मॅच बघायला मोबाईलमध्ये घालून घेऊन गेलेला, परवापासून. आता बॅकअप लाईन मेली तरी शेठच्या आणि माझ्या फोनवर मेसेज येतो, आणि डब्यावर मार्करनं लिहिलंय: रिचार्ज २८ तारखेला, सिम काढू नये.